पाळण्यातले नाव आणि हाकेचे नाव

आपल्या मंडळाने पन्नास वर्षांचा टप्पा गाठला. त्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी 'इतिहासावर काहीतरी' लिहून द्यावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. पदवीपुरता इतिहास वाचला आणि पुढे तीस वर्षे केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींवर शेरे लिहिले, एवढीच आमची पुंजी. लढाया आणि तह यांवर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्या गोष्टीचा इतिहास घरोघरी घडत असतो आणि जिच्यावर मत देण्याचा अधिकार प्रत्येक आत्याला जन्मसिद्ध असतो, तिच्यावर चार शब्द लिहिण्यास हरकत नसावी. ती गोष्ट म्हणजे बाळाचे नाव.

बाराव्या दिवशी होते म्हणून त्या सोहळ्याला बारसे म्हणतात. गोविंद-गोपाळांच्या नावाने बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती द्यायचे, आत्याने बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचे, जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे आणि मग घुगऱ्या वाटायच्या. परमुलखात राहणाऱ्या आपणा मंडळींना हे सारे जमतेच असे नाही. पाळणा एका प्रांतात, आत्या दुसऱ्या प्रांतात, आणि 'कुर्र' व्हिडिओ कॉलवरून, असा प्रकार आता अपवादाचा राहिलेला नाही. तरीही नाव ठेवण्याची हौस आणि ठेवलेल्या नावाला नावे ठेवण्याची हौस, या दोन्ही मराठी माणसाने प्रवासात कुठे हरवू दिलेल्या नाहीत.

गतवर्षी आमच्या कन्येला मुलगी झाली. जावईबापू तमिळभाषी, वास्तव्य चेन्नईत. नाव आजवर कोणी ऐकलेले नसावे, दोन्ही घरांना उच्चारता यावे आणि शाळेतल्या वर्गात त्या नावाची दुसरी मुलगी निघू नये, अशा कन्येच्या अटी होत्या. दोन महिने नावांच्या याद्या इकडून तिकडे फिरल्या. त्या काळात आम्ही फावल्या वेळी या विषयाचे जे काही वाचले, त्यावरून आमची अशी समजूत झाली की आपण मंडळी भलत्याच नावाची काळजी वाहतो. वेगळे नाव शोधण्यात आपण महिने घालवतो आणि घरात हाक मारण्याचे नाव मात्र वाऱ्यावर सोडतो. पूर्वजांचा व्यवहार याहून शहाणपणाचा होता. एका माणसाला दोन नावे लागतात, हे त्यांनी फार पूर्वी ओळखले होते.

गृह्यसूत्रांचा आधार पाहू. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, मुलीचे विषम अक्षरांचे असावे, असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी आणखी एका नावाचा उल्लेख येतो. ते नाव गुरूला अभिवादन करताना उच्चारावयाचे आणि मुंजीपर्यंत फक्त आईबापांना ठाऊक असावयाचे. म्हणजे जगाला सांगण्याचे एक नाव आणि घराने जपून ठेवण्याचे दुसरे, ही व्यवस्था सूत्रकाळाइतकी जुनी आहे. मनुस्मृतीने मुलीचे नाव उच्चारास सोपे, अर्थाने स्पष्ट, मनास प्रसन्न करणारे, दीर्घ स्वरात संपणारे आणि आशीर्वाद सुचवणारे असावे, असे म्हटले आहे. अर्थ शोधण्यासाठी ज्या नावाकरिता कोश उघडावा लागतो, ते या कसोटीस उतरणार नाही, हे आजच्या तरुण आईबापांच्या कानावर घालावेसे वाटते. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु अठराव्या शतकाच्या अखेरीचा; त्यात तर देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली आहेत. यांतील पहिली तीन संकल्पापुरती आणि चौथे जगण्यापुरते.

शास्त्रातून आपण संतांच्या अंगणात आलो की वेगळीच शोभा दिसते. आळंदीच्या चार भावंडांची नावे पाहावीत : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आज या नावांना आपण सरावलो आहोत. पण चारही नावे एका ओळीने वाचली असता परमार्थाच्या पायऱ्याच जणू समोर येतात. 'वेगळे नाव' हवे असणाऱ्यांना तेराव्या शतकातील हे उदाहरण पुरेसे व्हावे. आणि लोकांनी त्या ज्ञानदेवांचे काय केले? 'ज्ञानोबा' केले, आणि एवढ्यानेही समाधान होईना म्हणून 'माउली' केले. महानुभाव पंथाचे नागदेवाचार्य भटोबास झाले आणि महदंबा महदाइसा झाली. नामदेव आणि तुकाराम आपल्या अभंगांच्या अखेरीस स्वतःचा उल्लेख 'नामा' आणि 'तुका' असा करतात. देवासमोर उभे राहताना त्यांना पूर्ण नावाची गरज वाटली नाही. आईने ज्या नावाने जेवायला बोलवावे, तेच नाव त्यांनी विठ्ठलाला सांगितले.

नाव पिढ्यान्‌पिढ्या आणि प्रांतोप्रांती कसे प्रवास करते, याचा उत्तम दाखला भोसले घराण्याचा आहे. मालोजीराजांनी अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) शाह शरीफ या अवलियाच्या कृपेने पुत्रलाभ झाला म्हणून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शिवनेरीवरील शिवाई देवीवरून शिवाजी हे नाव आले, असे सांगतात. शिवछत्रपतींचे वडील बंधू संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडले. पुढे १६५७ मध्ये पुरंदरावर पुत्र झाला, त्याला तेच नाव मिळाले. इकडे व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापिले. त्यांचे तीन पुत्र, शहाजी, शरफोजी आणि तुकोजी, एकामागून एक तेथे गादीवर बसले. अहमदनगरच्या एका अवलियाच्या नावाचे दोन तुकडे कावेरीच्या काठी तमिळ मुलखात पोहोचले, ते असे. दुसऱ्या शरफोजींच्या काळात, १८०३ मध्ये, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. घरापासून दूर गेलेला मराठी माणूस आपल्या नावांची यादी दगडावर कोरून ठेवतो, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

परंतु आजोबांचे नाव नातवाला ठेवले की घरात एक अडचण उभी राहत असे. सुनेने सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यावयाचे नाही. मग त्याच नावाच्या आपल्या मुलाला तिने हाक मारायची कशी? पतीच्या नावाच्या संकोचातून उखाणा जन्मला आणि सासऱ्याच्या नावाच्या संकोचातून हाकेचे नाव बळावले. घरोघरच्या बाळ, नाना, भाऊ, अण्णा, तात्या, बापू या मंडळींच्या मुळाशी हा संकोच पुष्कळ अंशी आहे. संभाजीराजांच्या पुत्राला आजोबांचे शिवाजी हे नाव ठेवले होते; इतिहास त्यांना शाहू म्हणून ओळखतो. पेशवाईत तर कागदावरची नावे कागदावरच राहिली. बाळाजी बाजीराव नानासाहेब झाले, सदाशिवराव भाऊसाहेब आणि रघुनाथराव दादासाहेब किंवा राघोबादादा. पानिपतावर १७६१ मध्ये जे घडले त्याची हकीकत सांगणारी बखरदेखील सदाशिवरावांच्या नावाने ओळखली जात नाही. ती 'भाऊसाहेबांची बखर' आहे.

या बाबतीतले सर्वांत ठळक उदाहरण लोकमान्यांचे. १८५६ मध्ये रत्नागिरीस जन्मलेल्या या बालकाचे पाळण्यातले नाव केशव. घरात हाक मारीत 'बाळ'. पुढे केशव कोणाच्या लक्षातही राहिला नाही आणि हाकेचे नाव देशाच्या इतिहासात गेले. सावरकर बंधूंचेही तसेच. गणेश बाबाराव झाले, विनायक तात्याराव झाले आणि नारायण 'बाळ' राहिले. महू येथे १८९१ मध्ये जन्मलेले भीमराव घरी 'भिवा' होते. पुढे कोट्यवधी लोकांनी त्यांना बाबासाहेब म्हटले. विनायक नरहरी भावे आईचे 'विन्या' होते आणि गांधीजींच्या आश्रमात 'विनोबा' झाले.

येथे मराठी भाषेच्या एका सामर्थ्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. रामचंद्र हे एकच नाव घ्या. आई रागावली की 'राम्या', लाडात आली की 'रामू', शेजाऱ्यांचे 'रामभाऊ', कचेरीतले 'रामराव', गावातल्या वडीलधाऱ्यांचे 'रामजी'. केवळ शेवटच्या अक्षरावरून बोलणाऱ्याचे वय, नाते, मान आणि त्या क्षणीचा राग-लोभ, सारे कळते. पांडुरंगाचा पांडू, विठ्ठलाचा विठू आणि विठोबा, दत्तात्रेयाचा दत्तू, गोविंदाचा गोंद्या, सरस्वतीची सरू, गोदावरीची गोदू. बडोद्यास पालीचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोशी यांनी चिमणरावांचे घर उभारले, तेव्हा त्या घरात काऊ, मोरू, राघू आणि मैना अशी पाखरांची शाळाच भरवली. महाराष्ट्राबाहेर बसून लिहिणाऱ्या लेखकाला मराठी घर उभे करण्यासाठी हाकेच्या चार नावांची मदत झाली, हे आम्ही परमुलखातील मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८५७ च्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले असता मौज वाटते. कानपूर, काल्पी, झाशी, ग्वाल्हेर ही सारी रणभूमी मराठी मुलखाबाहेरची. आणि तेथील तीन प्रमुख मराठी व्यक्तींपैकी एकही मूळ नावाने ओळखली जात नाही. नानासाहेबांचे कागदोपत्री नाव धोंडोपंत. तात्या टोपे म्हणजे रामचंद्र पांडुरंग. काशीस जन्मलेली मोरोपंत तांब्यांची कन्या मणिकर्णिका, म्हणजे त्या तीर्थक्षेत्रातल्या प्रसिद्ध घाटाचेच नाव; बिठूरच्या वाड्यात ती 'मनू' म्हणून वाढली आणि गंगाधररावांशी विवाह होऊन झाशीस आली तेव्हा लक्ष्मीबाई झाली. तिचा तान्हा मुलगा दामोदर गेला. पुढे नोव्हेंबर १८५३ मध्ये, पती मृत्युशय्येवर असताना, आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेतला, त्याला त्या गेलेल्या बाळाचेच नाव दिले. नावाचा इतिहास हा असा दुःखाचाही इतिहास असतो.

दुःखाची दुसरीही बाजू आहे. मुले जगत नसत त्या काळी दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवीत. मृत्यूला वाटावे की हे कोणालाच नको आहे, आणि त्याने उचलून नेऊ नये. (अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, त्यावरूनही धोंडो हे नाव आलेले असते.) अशा नावांच्या ओबडधोबडपणाखाली केवढी माया दडलेली होती! परंतु याच्या अगदी उलट, मुलगा हवा असताना मुलीच होत गेल्या की शेवटचीचे नाव 'नकुशी' ठेवण्याची चालही आपल्याच महाराष्ट्रात होती. त्या नावात माया नव्हती. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभपूर्वक अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. नाव माणसाला काय करू शकते, हे ज्यांना कळत नसेल त्यांनी एवढी एक गोष्ट आठवावी.

नावाचे सर्वांत मोठे ऋण आपल्यावर आहे ते स्त्रियांचे. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहावयाचे आणि मुलीने माहेरचे नाव उंबऱ्याबाहेर ठेवावयाचे, ही रीत. कल्याणच्या यमुनेची आनंदी झाली. ती अमेरिकेत शिकून १८८६ मध्ये डॉक्टर झाली, तीही आनंदीबाई जोशी म्हणून. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुनाच. महर्षी कर्वे यांनी १८९३ मध्ये ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई आनंदीबाई झाल्या. दोन यमुना आणि एक गोदावरी : तिन्ही नद्या माहेरीच राहिल्या. या नामवंत स्त्रियांची मूळ नावे चरित्रांतून निदान सापडतात. आपल्या आज्या-पणज्यांची कोणी नोंदवली?

आमच्या मातोश्रींना जाऊन आता सहा वर्षे झाली. शिधापत्रिकेवर, वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांवर, सर्वत्र त्यांचे सासरचे नाव. त्यांच्या पश्चात ट्रंकेत एक पोस्टकार्ड सापडले. आमच्या आजोळच्या मामांनी कोणे एके काळी लिहिलेले. मायना होता : 'चि. कमळीस अनेक आशीर्वाद.' पन्नास वर्षांहून अधिक काळ आम्ही त्या माउलीच्या छायेत वाढलो, आणि तिला कोणी कमळी म्हणून हाक मारीत असे हे आम्हांस पोस्टकार्डाने सांगितले. त्या नावाने हाक मारणारे शेवटचे माणूस केव्हाच निघून गेले होते. बदलीच्या गावोगावी आमच्या संसारासोबत त्या फिरल्या. त्या नावाविषयी त्यांनी कधी अवाक्षर काढले नाही. आणि आम्हीही कधी विचारले नाही, ही खंत आमची आम्हांस पुरेशी आहे.

आता थोडे आपल्या, म्हणजे बृहन्महाराष्ट्रातल्या अडचणींविषयी. आमचे स्वतःचे हाकेचे नाव 'बाळू'. उत्तरेकडे एका शहरात नेमणूक असताना मातोश्री गॅलरीतून त्या नावाने हाक मारीत. हिंदीत 'ळ' नाही. कॉलनीतल्या मुलांच्या कानी ते 'बालू' पडले, आणि बालू म्हणजे वाळू. आम्ही तीन वर्षे त्या कॉलनीत वाळू म्हणून वावरलो! लोकमान्यांचे 'बाळ' देखील हिंदी पाठ्यपुस्तकांत 'बाल' झाले आहेत, तेव्हा आमची काय कथा? याउलट कोलकात्यास असताना शेजारच्या बंगाली कुटुंबाला आमची रीत चटकन समजली. त्यांच्याकडे 'भालो नाम' आणि 'डाक नाम' अशी दोन नावे असतातच. सत्यजित राय घरी 'माणिक' होते. आणि जावयांकडून आम्हांस कळले की तमिळमध्ये नावाला 'पेर' म्हणतात व नातवाला 'पेरन'; नाव पुढे चालवणारा तो नातू. माणसे दूरदूरची, पण आजोबा आणि नातू यांच्यामधला दुवा सर्वत्र एकच.

सरकारी नोकर असल्यामुळे कागदाविषयीही दोन शब्द सांगणे कर्तव्य समजतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यान्वये जन्माची नोंद नावावाचूनही होते. नाव मागाहून नोंदवता येते, बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. तेव्हा नावासाठी घाई नको. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, या सर्वांना जन्मदाखला हाच आधार धरला जातो. पूर्वी शाळेतल्या मास्तरांनी केशवाचा बाळ करून घेतला तर चालून जाई. आता दाखल्यावरचे एक अक्षर जन्मभर पाठ सोडत नाही. म्हणून कागदावरचे नाव वेगळे असावे, जरूर असावे. पण त्याचे लेखन एकाच प्रकारे होणारे असावे, आणि आपण ज्या प्रांतात राहतो तेथील भाषेत त्याचा भलताच अर्थ होत नाही ना, हे एखाद्या स्थानिक शेजाऱ्यास विचारून घ्यावे. वाळू झालेल्या माणसाचा हा सल्ला आहे.

हाकेच्या नावाला मात्र कोणताही कायदा नाही. ते दोन-तीन अक्षरांचे असावे, स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत पोहोचावे, सोळाव्या वर्षी मित्रमैत्रिणींत ज्याची लाज वाटेल असे नसावे, आणि शक्यतो मराठी असावे. आमच्या मंडळातील कित्येक मुले आज मराठी वाचू शकत नाहीत, हे कटू सत्य सुवर्णमहोत्सवाच्या उत्साहात विसरून चालणार नाही. त्यांच्या दाखल्यांवरची नावे साऱ्या भारताची असतात, आणि ते योग्यच आहे. पण दिवसातून दहा वेळा ज्या नावाने त्यांना हाक मारली जाते, ते नाव मराठी असेल तर निदान दहा वेळा मराठी त्यांच्या कानी पडेल. पुस्तक मिटते, वर्ग सुटतो, मंडळाचे नाटक वर्षातून एकदाच होते. हाक मात्र रोज असते.

नातीच्या कागदावरच्या नावाचा निर्णय अखेर तिच्या आईवडिलांनी घेतला. नाव नवे आहे, गोड आहे, तीन अक्षरी असल्याने आश्वलायनांचीही हरकत नसावी. ते येथे छापण्याचा अधिकार तिचा, ती मोठी झाल्यावर तो बजावील. हाकेच्या नावाविषयी मात्र आम्ही ते पोस्टकार्ड चेन्नईस नेले आणि कन्येच्या हाती ठेवले. तिने ते दोनदा वाचले व काही न बोलता आतल्या खोलीत नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई पाळण्याशी बसून 'कमळी, कमळी' म्हणत होत्या. त्यांच्या भाषेत 'ळ' आहे. तो त्यांनी असा स्वच्छ उच्चारला की उत्तरेत वाळू झालेल्या आम्हांस दक्षिणेत जणू आमचेच अक्षर परत मिळाले.

सत्तर-पंचाहत्तर वर्षे कोणी न मारलेली ती हाक आता त्या घरात दिवसातून पन्नास वेळा ऐकू येते. वाचकांनीही आपापल्या घरातील वृद्ध माउलींना त्यांचे माहेरचे नाव एकदा विचारून घ्यावे, विचारता येते आहे तोवर, एवढीच या प्रसंगी विनंती. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत या सभागृहात अशीच बारशी होवोत, घुगऱ्या वाटल्या जावोत आणि आत्याबाईंच्या पाठी शाबूत राहोत, ही श्रीगजाननाचरणी प्रार्थना.